कोंडाईच्या पेटीचा चौथा पाय

हे मी सांगायला नको होतं. आमच्या गावात कोंडाईची गोष्ट हात चिखलात असतानाच सांगतात, तीही फक्त आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी, बायकांनी बायकांना. कागदावर ती आजवर कुणी लिहिलेली नाही. कुंभार आळीतली सगळ्यात म्हातारी गऊआक्का, तिनं मला ती सांगितली तेव्हा बजावलं होतं, "पोरी, ही गोष्ट तोंडातून हातात जाते. वेशीबाहेर जात नाही."

पण गेल्या महिन्यात शाळेच्या सहलीत मी शहरातल्या एका संग्रहालयात काचेमागची एक पाटी वाचली. तेव्हापासून मला गप्प बसवत नाही. पाटीवर काय होतं ते शेवटी सांगते. आधीच सांगितलं तर तुम्हाला नुसता राग येईल, आणि राग कुणासाठी आला ते कळणार नाही.

तर ऐका.

फार फार वर्षांपूर्वी, आमच्या निंबदऱ्याला वेस नव्हती, देऊळ नव्हतं, तेव्हा नदीकाठच्या पांढरीवर चाळीस घरं होती. पांढर म्हणजे जिच्यावर माणसं राहतात ती माती. जिच्यात पिकतं ती काळी. त्या वेळची माणसं आपल्या मेलेल्यांना गावाबाहेर नेत नसत. घरातल्या जमिनीखालीच ठेवत. गेलेल्यांना घरातलं बोलणं ऐकू यावं म्हणून, असं म्हणतात.

तान्हं मूल गेलं तर दोन मडकी घेत. तोंडाला तोंड लावून, मध्ये मूल, आईच्या पोटात असतं तसं दुमडलेलं. मोठं माणूस गेलं तर त्याला मातीची पेटी असे. पोट फुगीर, वर झाकण आणि खाली चार पाय. माणूस तीत मांडी घालून बसे. आणि गावाची देवी पांढराई, म्हणजे हातभर उंचीची मातीची बाई, तिलाही तशीच लहान पेटी असे. वर्षभर ती पेटीत निजे. आखाजीला तिला उठवत, न्हाऊ घालत, नव्या पेटीत पुन्हा निजवत.

या सगळ्या पेट्या एकटी कोंडाई करायची.

तिच्या आधीची पाच भावंडं गेली होती. म्हणून आईनं तिचं नाव कोंडाई ठेवलं. कोंडा कोण उचलून नेणार? मरणानं फिरून बघू नये म्हणून असं नाव. पण कोंडा टाकाऊ नसतो, हे कुंभारांना माहीत असतं. मातीत कोंडा मळला तरच मोठं भांडं वाळताना तडकत नाही.

बाईनं चाकाला हात लावायचा नाही, अशी तेव्हा रीत होती. चाक फिरवायचं पुरुषांनी. घागरी, परळ, गाडगी त्यांची. पण माणूस बसेल एवढी पेटी चाकावर होत नाही. ती हातानंच करावी लागते. मातीचे लांब वळे करायचे, एकावर एक बसवायचे, आतून दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी चोपण्यानं हलके हलके थापत जायचं. ते कोंडाईइतकं कुणाला साधत नसे. तिचं चोपणं वाजायला लागलं की बाया पाण्याची घागर घेऊन तशाच थांबायच्या. थप, थप, थप, जसं कुणी मूल थोपटतंय. तिच्या पेटीवर नख फिरवलं तर सांधा लागत नसे, असं म्हणतात.

देवीची पेटी आणि मढ्याची पेटी ती एकाच खाणीच्या मातीची करायची. एकदा कुणीतरी विचारलं, "कोंडाई, विटाळ नाही का होत?"

ती म्हणाली, "माती एकच. निजायचं कुणाला, तेवढंच वेगळं."

गावाचा म्होरक्या होता धारोजी. मोठं घर, मोठा ओटा, मोठा आवाज. त्याला जिवंतपणीच आपली पेटी करून हवी होती. गावात कुणाची नसेल एवढी मोठी. तो कोंडाईकडं आला आणि म्हणाला, "माझं माप घे."

कोंडाईनं मान वर केली नाही. "जित्या माणसाचं माप मी घेत नाही."

"का?"

"रोज बदलतं. आज ओट्यावर बसलायस म्हणून एवढा दिसतोस."

बाया पदरात तोंड घालून हसल्या. धारोजी ते हसणं विसरला नाही. लहान माणसं अपमान विसरतात, कारण त्यांना रोज नवा मिळतो. मोठ्यांना क्वचित मिळतो, म्हणून ते जपून ठेवतात. हे माझं मत आहे, गोष्टीतलं नाही.

मग दोन वर्षं पाऊस पडला नाही. धारोजीनं सांगितलं, नदीकाठची मातीची खाण आता फक्त देवीसाठी आणि त्याच्या घरासाठी. बाकीच्यांनी आपली माणसं नुसत्या खड्ड्यात ठेवावीत. आणि परक्याला तर पांढरीत जागाच नाही. पाऊस का पडत नाही, तर म्हणे परक्यांच्या पावलांनी पांढर बाटलीय. पावसाचं आणि पावलांचं काय नातं, ते त्याला कुणी विचारलं नाही.

त्या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी, टळटळीत दुपारी, एक धनगरीण गावात आली. तिचं नाव लिंबाई. तिचा वाडा, म्हणजे मेंढरं आणि माणसं, पाण्याच्या शोधात पुढं निघून गेला होता. ती एकटी मागं राहिली होती, कारण तिचं चार महिन्यांचं लेकरू सकाळी गेलं होतं. ते तिनं घोंगडीत गुंडाळून छातीशी धरलं होतं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दूध पितंय.

ती धारोजीच्या ओट्याखाली उभी राहिली. "दादा, दोन मडकी आणि एवढीशी जागा द्या. डोंगरावर ठेवलं तर कोल्ही उकरतात."

धारोजी म्हणाला, "आमच्या पांढरीत परक्याचं मढं नको."

"ते अजून कुणाचंच झालं नव्हतं, दादा. त्याला बोलता येत नव्हतं."

"तू तर बोलतेस ना? चल, वाट धर."

ओट्यावर दहा-बारा जण बसले होते. एकानं नदीकडं बघितलं. एकानं आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघितलं. गऊआक्का इथं नेहमी थांबते आणि म्हणते, "दहा-बारा जण होते गं पोरींनो. दहा-बारा तोंडं." मग ती सगळ्यांच्या तोंडाकडं बघते.

लिंबाई फिरत फिरत कुंभारांच्या घरांशी आली. कोंडाई आवा उघडत होती. आवा म्हणजे कुंभाराची भट्टी. राखेतून तिनं पांढराईची नवी पेटी काढली होती, उद्यासाठी. आख्ख्या गावात तेवढं एकच भाजलेलं भांडं होतं. खाण बंद होती, मडकं नव्हतं, मडक्यापुरती माती नव्हती.

कोंडाईनं घोंगडीकडं बघितलं आणि काही विचारलं नाही. जात नाही, गाव नाही. पेटीवरची राख पदरानं पुसली, आत हात घालून बघितला आणि म्हणाली, "अजून कोमट आहे. गार होऊ देऊ नकोस. ठेव."

"ही तर देवाची दिसते," लिंबाई म्हणाली.

"देवीला मी दुसरी करून देईन. ती थांबेल. तुझं बाळ थांबेल का?"

दोघींनी मिळून बाळाला त्या पेटीत निजवलं. झाकण बसवलं. कोंडाईनं आपल्याच घराची जमीन उकरली, चुलीजवळची, आणि पेटी तिथं ठेवली. वरून सारवून घेतलं. लिंबाई त्या ओल्या सारवणावर हात ठेवून संध्याकाळपर्यंत बसली. मग उठली, कोंडाईच्या पाया पडायला वाकली. कोंडाईनं तिला वरच्यावर धरलं आणि तिच्या पदरात चार भाकरी बांधल्या.

सकाळी वाजतगाजत गाव पेटी न्यायला आलं. पुढं धारोजी.

"पेटी कुठाय?"

"दिली."

"कुणाला दिली?"

"ज्याला लागत होती त्याला."

धारोजीला सगळं कळायला वेळ लागला नाही. तो ओरडला, "देवीच्या पेटीत धनगराचं मढं? उकरा! बाहेर काढा!"

चार गडी आत शिरले. कोंडाई दारातून बाजूला झाली नाही, तिला ढकलून ते आत गेले. त्यांनी उकरलं. पेटी लागली. त्यांनी झाकणाला हात न लावता पेटी पायांशी धरून उचलायला बघितली. उचलेना. आणखी दोघे आले. उचलेना. मग एकानं खाली वाकून बघितलं आणि तो किंचाळत बाहेर पळाला. पेटीच्या चारही पायांना मुळं फुटली होती. उंबराला असतात तशी जाड, ओली मुळं, खाली खाली जमिनीत गेलेली. एका रात्रीत. भाजलेल्या मातीला. असं म्हणतात, आणि मी ते मानते.

धारोजीनं मानलं नाही. त्यानं पांढराईला घरच्या तांब्याच्या डब्यात ठेवलं आणि डबा आपल्या ओट्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी डबा रिकामा. पांढराई कोंडाईच्या घरात, चुलीजवळच्या त्या सारवणावर, एका कुशीवर निजलेली, जशी आई लेकराकडं तोंड करून निजते. तिला परत नेलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा तिला न्यायला कुणी पुढं आलं नाही.

दुसरा कुणी असता तर शहाणा झाला असता. धारोजीनं गाव गोळा करून सांगितलं, "आजपासून कोंडाईच्या हातचं भांडं कुणी घ्यायचं नाही. तिला मूठभर माती कुणी द्यायची नाही. जिती आहे तोवर नाही, मेल्यावरही नाही. बघू या, गावाच्या पेट्या करणारीला पेटी कोण करतंय."

विचार करा. जिनं सगळ्यांच्या आज्यांना, बापांना, तान्ह्या लेकरांना नीट निजवलं, तिला मूठमातीही नाही. आणि गाव गप्प. मला या ठिकाणी दरवर्षी राग येतो. गऊआक्का म्हणते येऊ दे, रागानं माती चांगली मळली जाते.

त्यानंतर कोंडाई सात वर्षं जगली. खाणीवर धारोजीचा माणूस बसलेला असे. तिचे हात कोरडे पडले. कुंभाराचे हात कोरडे पडणं म्हणजे काय, ते आमच्या आळीत विचारा. ती चोपणं घेऊन दारात बसायची आणि नुसत्या जमिनीवर वाजवायची. थप, थप, थप. घरोघरच्या बाया भाकरी थापता थापता त्या तालावर यायच्या. त्यांच्या हातांनी तो ताल कधी शिकून घेतला, ते त्यांनाही कळलं नाही.

आठव्या वर्षी, आखाजीच्याच आदल्या दिवशी, दिवस उगवताना ती गेली.

धारोजीनं खाणीवर आणखी एक माणूस बसवला. स्वतः नदीच्या वाटेवर खाट टाकून बसला. बाया नेहमीसारख्या पाण्याला निघाल्या. येताना त्यानं प्रत्येकीला अडवलं. घागरीत डोकावून बघितलं. ओटी झाडून दाखवायला लावली. पाणीच पाणी. मातीचा कण नाही.

पण त्यानं आयुष्यात कधी डोक्यावरून पाणी आणलं नव्हतं. घागरीखाली काय असतं, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. घागरीखाली चुंबळ असते, फडक्याची गुंडाळी, घागर डोक्यावर बसावी म्हणून. आणि त्या दिवशी प्रत्येक चुंबळीच्या आत एक मूठ माती होती. नदीत वाकून, पाण्याखालून घेतलेली. चिखलाचं पाणी बायांच्या कपाळावरून ओघळत होतं.

"काय गं, एवढा घाम?" धारोजीनं एकीला विचारलं.

"ऊन किती आहे, मालक," ती म्हणाली. ती त्याची स्वतःची सून होती, असं म्हणतात.

चाळीस घरं, चाळीस मुठी. एका फेरीत चाळीस, दुसऱ्या फेरीत चाळीस. अशा दुपारपर्यंत फेऱ्या झाल्या. धारोजी म्हणाला, "आज गावाला फार तहान लागलीय."

"गेलेल्या माणसाचं घर आहे मालक, अंघोळी करायच्यात," बाया म्हणाल्या.

कोंडाईच्या घरात, दार लोटून, त्या सगळ्या जणी मातीला बसल्या. पेटी कशी करतात ते एकीलाही माहीत नव्हतं. पण थाप माहीत होती. एकीनं वळे केले, एकीनं आतून गोळा धरला, एकीनं कोंडाईचंच चोपणं घेतलं. पेटी वाकडी झाली. पोट एका बाजूला गेलं. झाकण कसंबसं बसलं. सांध्यांवर चाळीस बायांच्या बोटांचे ठसे राहिले. तीन पाय झाले, आणि माती संपली.

नदीवर पुन्हा जावं तर धारोजीला संशय आलेला. तीन पायांवर पेटी उभी राहीना. एक जण रडायला लागली. "हिनं कुणाची पेटी अशी अर्धी ठेवली नव्हती गं."

तेवढ्यात दार वाजलं. दारात लिंबाई उभी होती. तिला कुणी निरोप दिला नव्हता. ती दरवर्षी याच दिवशी यायची, चुलीजवळच्या जागेवर हात ठेवून जायची. येताना पदराला बांधून आपल्या डोंगराची मूठभर तांबडी माती आणायची, तिच्या लेकराच्या वर घालायला. त्या वर्षी ती मूठ तिनं चौथ्या पायाला दिली.

एका मुठीत केवढा पाय होणार? आखूड झाला. आणि बाकी पेटी पांढऱ्या-करड्या मातीची, तो एकटा तांबडा. पण तो टेकवल्यावर पेटी उभी राहिली.

आवा पेटवता येत नव्हता, धूर दिसला असता. म्हणून कोंडाईची पेटी कच्चीच राहिली. तिला तीत मांडी घालून बसवलं, हातात चोपणं दिलं, आणि बाळाच्या शेजारी ठेवलं.

त्याच वर्षी कधी नव्हे एवढा पाऊस आला. असा की नदी पांढरीवर चढली. धारोजीचा ओटा वाहून गेला, तांब्याचा डबा वाहून गेला. भाजलेल्या विटा विरघळल्या, असं म्हणतात. पाणी ओसरल्यावर बायांनी कोंडाईची जमीन उकरून बघितली. कच्च्या मातीची पेटी, बोटांच्या ठशांसकट, होती तशी होती.

पुढं धारोजी म्हातारा होऊन मेला. बायांनी त्यालाही पेटी करून दिली. चांगली, मापात, चारही पाय सारखे. कारण माती एकच, असं कोंडाई म्हणायची. मी असते तर दिली नसती. गऊआक्का म्हणते, म्हणूनच तू अजून लहान आहेस. असेन. धारोजीची पेटी पुढच्या पुरात गेली.

आता पाटीचं सांगते.

आमच्या शाळेची नवी खोली बांधायला पांढरीचं टेकाड खणलं, तेव्हा एक पेटी निघाली. मी तेव्हा पहिलीत होते. कच्च्या मातीची, वाकडी, तीन पाय करडे आणि एक आखूड, तांबडा. शेजारी एक लहान पेटी होती, ती काढताना फुटली. शहरातून साहेब आले, त्यांनी मोठी पेटी कापसात गुंडाळली. गऊआक्का काठी टेकत गेली आणि म्हणाली, "साहेब, ही आमची कोंडाई. बाई आहे ती."

साहेब चांगले होते, त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली. पण ते हसले. "आजी, एवढी मोठी पेटी त्या काळी बाईला कोण देईल?"

गऊआक्का काही बोलली नाही. बोलायचं नाही, अशी रीत. गाडी गेली.

आणि संग्रहालयात काचेमागं ती पेटी आहे. मी तिच्यासमोर उभी होते. माझ्या हाताच्या बोटांएवढेच ठसे तिच्यावर होते. आणि पाटीवर लिहिलंय: "दफनपेटी. बहुधा गावप्रमुखाची. चौथा पाय सदोष."

गावप्रमुखाची! ज्यानं तिला मूठभर माती दिली नाही, त्याची! त्याला त्याची पेटी मिळाली होती. आता तिचीही त्यालाच. आणि सदोष? सगळ्या पेटीत एकच पाय असा आहे जो एकदा मागायला आलेल्या बाईनं परत येऊन दिला, आणि तो सदोष! आमच्या वर्गाच्या बाई मला म्हणाल्या, "चल, पुढच्या दालनात." मी गेले. मी त्या ओट्यावरच्या दहा-बारा जणांसारखी पायाच्या अंगठ्याकडं बघत गेले. म्हणून हे लिहितेय.

आमच्या गावात अजून आखाजीच्या आदल्या दिवशी पांढराईची पेटी होते. घरोघरी नळ आहेत, तरी बाया नदीवर जातात आणि चुंबळीत एक मूठ माती आणतात. तिला कोंडाईची मूठ म्हणतात. पेटी कच्चीच ठेवतात. तीन पाय इथल्या मातीचे. चौथा बाहेरच्या मातीचा, लग्न होऊन गेलेल्या लेकी सासरहून आणतात, नाहीतर वाटेनं जाणाऱ्या धनगरिणीकडून मागून घेतात. तो मुद्दाम आखूड करतात, आणि तो पाय त्या वर्षी पहिल्यांदा मातीला बसणाऱ्या मुलीनं करायचा असतो. कुणाचं मूल गेलं आणि आईबाप जागा मागायला आले, तर निंबदऱ्यात कुणी गाव विचारत नाही. कोंडाईच्या नावानं.

यंदा पहिल्यांदा बसणारी मी आहे. आणि संग्रहालयाचं मी काल गऊआक्काला सांगितलं. ती बराच वेळ माती मळत राहिली. मग सगळ्यांना म्हणाली, "गप्प बसलो म्हणून त्यांनी लिहिलं. आपली चूक." तेव्हा ठरलंय, परवाच्या एसटीनं आळीतल्या सगळ्या जणी शहरात जायचं, चुंबळीत एकेक मूठ घेऊन. त्या काचेसमोर उभं राहायचं, आणि साहेबांना

"ए पोरी! लिहीत काय बसलीस? चौथा पाय कोण करणार, तुझी मास्तरीण? माती वाळायला लागली!"

आले, आक्का. एवढंच लिहिते. तर साहेबांना आम्ही सगळी गोष्ट सांगणार आहोत, आणि तिचं नाव मोठ्यानं घ्यायचं काम माझ्याकडं दिलंय, मी, जिचा आवाज वर्गात तिसऱ्या बाकापर्यंत जात नाही, ती मी तिथं सगळ्यांच्या पुढं उभी राहून